साबण खाणारी बरणी

माझ्या हातून कधी खून होईल असं मला पाहून कुणाला वाटणार नाही. पण झाला. एका दुपारी ब्लीचची बाटली घेऊन मी कोट्यवधी जीव धुऊन टाकले आणि वर बरणी चकचकीत करून उन्हात पालथी घातली!

आधी धाकटीबद्दल सांगते, म्हणजे कळेल. आमचा थोरला कॉम्प्युटरवाला, गारेगार ऑफिसात बसतो. धाकटी त्याच्याहून काकणभर जास्तच हुशार. इंजिनियरिंगला असताना त्यांना एकदा मैलापाणी शुद्ध करण्याचं केंद्र दाखवायला नेलं. बाकीची पोरं नाकाला रुमाल लावून बसमध्ये जाऊन बसली आणि ही बया टाकीच्या कठड्याला टेकून तासभर तिथल्या माणसाचं डोकं खात होती. घरी आली ती ठरवूनच. "आई, मी हेच करणार."

"अगं, घाणीत काम करणार? एवढं शिकून?"

"माणूस आजारी पडला की डॉक्टर बरं करतात. पण तो आजारीच पडू नये म्हणून कुणी झटायचं? नुसतं पाणी स्वच्छ केलं तर किती लेकरं वाचतात, माहितीये तुला?"

मला माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं, की आता लोक विचारणार, मुलगी काय करते? आणि मी काय सांगणार, डोंबल? आमच्या घरात ताटाशिवाय फरशीवरच जेवावं अशी माझी ख्याती! हे म्हणाले, "करू दे तिला, तिचं मन आहे त्यात." यांचं काय जातंय? जिन्यात बायकांना तोंड मला द्यावं लागतं. म्हणून मी सांगत सुटले, धाकटी रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे. एक ना दोन, सहा वर्षं हेच सांगितलं. ती कामावरून आली, की आधी कपडे बादलीत, मग अंघोळ, मगच आईशी बोलायचं, हा माझा कायदा. बिचारीने कधी तोंड वाकडं केलं नाही.

तर, आमच्या मागे लॉन्ड्र्यांची गल्ली आहे. त्यांचं साबणाचं पाणी खालच्या तळ्यात जातं. तळ्यावर हातभर फेस, आणि काठावरच्या वस्तीतल्या पोरांच्या अंगावर पुरळ. गल्लीच्या तोंडाशी एक छोटी टाकी बांधायची आणि त्यात साबण खाणारे जंतू सोडायचे, असं धाकटीच्या मनात होतं. नगरपालिकेचे साहेब म्हणाले, आधी करून दाखवा. मग हिने ती काम करते त्या केंद्रातला थोडा जंतूंनी भरलेला गाळ बरणीत घेतला, माशांच्या टाकीला लावतात तसला हवेचा पंप लावला आणि रोज थोडं थोडं लॉन्ड्रीचं पाणी पाजून तीन महिने त्या जंतूंना सवय लावली. त्यांना ती चक्क 'पोरं' म्हणायची. केंद्रात विजेचं काम निघालं, पंप बंद ठेवून चालणार नव्हतं, म्हणून बरणी आमच्या मागच्या गॅलरीत आली. "हात लावू नकोस हं, आई," असं दहादा बजावून गेली.

मी पाच दिवस कळ काढली. सहाव्या दिवशी बरणीवर तपकिरी साय आली आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, नासलंय ते, हिला कामाच्या गडबडीत दिसलं नसेल. पुढचं सांगितलंच आहे.

संध्याकाळी ती गॅलरीत गेली आणि बराच वेळ बाहेरच आली नाही. मी डोकावले, तर रिकामी बरणी मांडीवर घेऊन बसलेली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. "बारा दिवसांनी दाखवायचंय, आई," एवढंच म्हणाली. "केंद्रातून नवा गाळ आणता येईल, पण त्याला साबणाची सवय लागायला परत तीन महिने. साहेब थांबायचे नाहीत. पैसे दुसऱ्या कामाला जातील."

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पहाटे मोरी घासताना हात थांबला. मोरीच्या भोकाशी तो बुळबुळीत थर! जन्मभर मी त्याच्याशी भांडतेय. कितीही घासा, आठ दिवसांत पुन्हा हजर. मी तशाच ओल्या हातांनी तिला हलवून उठवलं. "ए, लॉन्ड्रीच्या गटारातला बुळबुळीत थर कशावर वाढतो गं? साबणाच्या पाण्यावरच ना? मग तुझी ती पोरं तिथे आधीच असतील की!"

धाकटी ताडकन उठून बसली आणि तिने मला अशी घट्ट मिठी मारली, की माझा चष्माच पडला. "आई, तू इंजिनियर व्हायला हवं होतंस!"

सकाळी सात वाजता मी लॉन्ड्र्यांच्या गटाराशी उकिडवी बसले होते. एका हातात बादली, दुसऱ्यात माझं स्वतःचं उलथनं. गटाराचा थर खरवडण्यात माझा हात कोण धरणार? धाकटी बादलीत भराभर पाणी ओतत होती. तेवढ्यात समोरच्या वहिनी पडदे धुवायला टाकायला आल्या.

"अगंबाई! तुम्ही? आणि हे काय?"

थाप तयार होती, अगदी जिभेच्या टोकावर. पण माझी पोर गुडघाभर घाणीत उभी राहून हसत होती आणि मला एकदम माझीच लाज वाटली. "लेकीचं काम करतेय, वहिनी," मी म्हटलं. "ती मैलापाणी साफ करते. रक्ताची लॅब वगैरे काही नाही. मी खोटं सांगत होते."

वहिनींचा चेहरा उतरला. "म्हणजे? माझे शुगरचे रिपोर्ट ही दर महिन्याला नेते आणि वाचून समजावते, ते?"

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"ते खरंच होतं, काकू," धाकटी घाईने म्हणाली. "आमच्या ऑफिसच्या डॉक्टरांना दाखवूनच सांगत होते मी."

म्हणजे कार्टीला सगळं माहीत होतं! सहा वर्षं मी तिला लपवत होते आणि ती माझी थाप सांभाळत होती. मी तिथेच गटाराच्या काठावर बसून रडले, आणि रडता रडता हसायलाही लागले. वहिनींनी पडदे खाली ठेवले आणि म्हणाल्या, "द्या ती बादली इकडे, मी धरते."

ठरल्या दिवशी नगरपालिकेच्या सभागृहात टेबलावर दोन बरण्या होत्या. एकीत लॉन्ड्रीचं दुधाळ, फेसाळ पाणी, दुसरीत तेच पाणी आमच्या पोरांनी खाऊन उरलेलं. त्याच्या पलीकडे धरलेलं वर्तमानपत्र वाचता येत होतं. मोठ्या साहेबांनी खरंच दोन ओळी वाचल्या, मान डोलावली आणि टाकीच्या मंजुरीच्या कागदावर सही केली. मग चष्मा काढून विचारलं, "पण बाई, हे जंतू आणले कुठून?"

"गटारातून, साहेब," धाकटी म्हणाली. "माझ्या आईने काढले."

"कुठे आहेत तुमच्या आई?"

मी शेवटच्या रांगेत बसले होते. कुणी बोलवायची वाटच पाहिली नाही. उठून उभी राहिले आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मी! मी हिची आई!"