टँकरच्या डावीकडची जागा

काल कर्वेनगरच्या सिग्नलला गाड्या खोळंबल्या होत्या. एका टँकरच्या डावीकडून सायकल पुढे काढून माझी लेक ओरडली, "आई, ये ना, जागा आहे!" मी जागची हलले नाही. डिझेलचा धूर नाकात गेला आणि कॉलेजातली ती सकाळ डोळ्यांसमोर आली.

तेव्हाही टँकर असाच थांबलेला होता. मी फुटपाथला चिकटून पुढे सटकले आणि मागे राहिलेल्या मैत्रिणीला, सुमनला, हाक मारली, "ये गं, जागा आहे!" ती अर्ध्यावर आली आणि टँकर डावीकडे वळला. सुमनने फुटपाथवर उडी टाकली, पण एक पाय सायकलीत अडकून चाकाखाली आला. ड्रायव्हर एवढंच म्हणत होता, "आरशात दिसल्याच नाहीत हो."

सुमन अजून लंगडते. कुणी विचारलं की हसून म्हणते, "कुणी सांगितलं होतं घुसायला? मीच शहाणी!" माझी हाक तिला आठवत नाही, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

काल सिग्नलला उभी असताना लक्षात आलं. हे सांगताना ती सगळ्यांकडे बघते, फक्त माझ्याकडे कधीच बघत नाही.