पांढरं फडकं

काजूच्या हंगामात आमच्या दोडामार्गच्या बागेत सरकारी संशोधनाचा एक माणूस रोज सकाळी यायचा. पाचोळ्यावरून पांढरं फडकं ओढायचा, मग उकिडवा बसून त्याला चिकटलेल्या गोचिडी चिमट्याने बाटलीत भरायचा. गोचिडी चावून होणाऱ्या माकडतापाचा तपास होता. त्याचं नाव मी विचारलं नाही. परक्यांशी मला बोलवत नाही.

जाताना तो विचारायचा, "वहिनी, मेलेलं माकड दिसलं काय? हात लावू नका, मला सांगा."

एकदा खरंच दिसलं होतं. पण आमच्याकडे मेलेल्या माकडाला माणसासारखं पुरतात. आमच्या ह्यांनी ते उचललं, कोरं कापड घातलं आणि नारळ ठेवून पुरलं. मला म्हणाले, "तेका सांगा नको गो. उकरून न्हेतले नि फाडतले."

त्याने विचारल्यावर मी मानेनेच नाही म्हटलं.

माकड पुरल्याच्या पाचव्या दिवशी ह्यांना ताप भरला. साधा समजून घरीच ठेवलं. हिरड्यांतून रक्त आलं, तेव्हा मी धावत जाऊन त्या माणसाला सगळं सांगितलं. तो रागावला नाही. हातातली बाटली उगाच पुसत राहिला.

"माकड पुरता येतं, वहिनी," तो म्हणाला. "गोचिडी त्याआधीच उतरतात."

हे इस्पितळातून परत आले नाहीत.

पंधरा दिवसांनी मी बागेत गेले. मला पाहून त्याने मान खाली घातली आणि फडकं ओढत राहिला. त्या दिवशी त्याने काहीच विचारलं नाही. मीच हाक मारली.

"भाऊ, व्हाळाच्या पाण्याकडे एक माकड मरान पडला आसा. मी सकाळपासून थंय राखणेक बसलंय. कोणाक हात लावूक देऊक नाय."