नाल्यात सोडलेलं पाणी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. तुम्हाला सांगते आहे ते तुम्ही आमच्या गावचे नाही म्हणून — एवढंच कारण असेल कदाचित.

महागावकडे आमचं वावर. विहीर एकच. एक दिवस पाणी आमचं, दुसऱ्या दिवशी धाकट्या दिराचं. दिराचं म्हणजे खरं तर माझ्या जावेचं, शोभाचं. शेती तीच पाहायची. आम्ही दांडानं, मातीच्या पाटानं, पाणी द्यायचो — कपाशी असो की गहू, सरी भरून वाहेपर्यंत. शोभानं कपाशीला ठिबक टाकलं, मधल्या ओळीतली तूर त्याच ओलीवर वाढवली. हिवाळ्यात हरभऱ्याला स्प्रिंकलर लावला. फुलं यायच्या आधी एक पाणी, मग थेट घाटे, म्हणजे शेंगा, भरताना.

"बाई, फुलातल्या हरभऱ्याले पाणी नोका देऊ. नुसता पाला वाढते," ती मला म्हणाली होती. मी दिलं. पाला वाढला.

पण मी जळले ते त्यानं नाही. कशानं जळले, सांगू? तिचं काम दुपारीच व्हायचं. मोटर बंद करून ती धुऱ्यावरून, मधल्या बांधावरून, हाक मारायची, "बाई, पाणी उरलं, घ्या तुमी." उरलं! आमच्या गव्हाची शेवटची सरी कोरडी, आणि हिचं उरतं? ते पाणी मी घ्यायचे — नाही म्हटलं असं कधी झालं नाही. रस्त्यानं जाणारे तिच्या धुऱ्यावर थांबत. मामंजी, आमचे सासरे, जेवताना तिचंच कौतुक करत. मी ताट अर्धं टाकून उठायचे.

तिचे घाटे भरायला आले होते तेव्हाची गोष्ट. विहीर तशीही खाली गेलेली. त्या दिवशी पाळी आमची, आणि हे बाजाराला गेलेले. गव्हाचं पाणी झालं. मोटर बंद करायची होती. मी केली नाही. दांड फोडला, पाणी नाल्याकडे वळवलं आणि भर उन्हात पाहत उभी राहिले. थांबवता आलं नसतं का? आलं असतं. स्टार्टरपर्यंत हात गेलाही होता. मग तिचं ते 'उरलं' कानात वाजलं — आणि विहिरीचा तळ दिसेपर्यंत मी हललेच नाही.

दुसऱ्या दिवशी तिची मोटर नुसती हवा ओढू लागली. मामंजी आले. कुणी विचारायच्या आधी मीच बोलले, "तिच्या नळ्या दिवसभर ठिबकून राह्यल्या. मंग विहिरीत काय राहीन?"

सगळ्यांना पटलं. शोभा माझ्याकडे वळली. "बाई, तुमी तं रोज पाह्यता. दुपारीच बंद होते माही मोटर. सांगा ना मामंजीले."

"मले काय मालूम," मी म्हणाले.

मामंजींनी तिच्या नळ्या, स्प्रिंकलर, सगळं काढायला लावलं. घाटे पोचट राहिले. पुढच्या वर्षी दांडाच्या पाण्यात तिचं अर्धं वावरही भिजेना. शेवटी दीर वणीला कोळशाच्या ट्रकवर गेला, ती त्याच्या मागे. वावर आमच्याकडे आलं. मामंजी वारल्यावर मी त्याच नळ्या गोठ्यातून काढल्या, धुतल्या आणि कपाशीत अंथरल्या. आता लोक माझ्या धुऱ्यावर थांबतात. कोणत्या पिकाला कधी, किती पाणी, हे बचत गटातल्या बायका मला विचारतात. मी सांगते. शब्द शोभाचे असतात. तिचं नाव मी कधी घेतलं नाही.

मागच्या दिवाळीत ती आली. वावर पाहून म्हणाली, "लय चांगलं केलं बाई तुमी." मग वाकून पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तिच्या डोळ्यांत कुठे जळफळाट दिसतो का ते शोधत राहिले. नव्हता.

त्याचाही मला हेवा वाटला.