हर्मीनची कमकुवत बाजू

हर्मीनचा अहवाल दुसऱ्यांदा परत आला. समासात एकच ओळ होती : 'यात तू कुठे दिसत नाहीस.'

हर्मीनला त्या ओळीचा रागसुद्धा आला नाही. राग यायला अंगात जोर लागतो, आणि त्रेचाळिसाव्या वर्षी कंबरेला पट्टा बांधून एकोणीस वर्षांच्या पोरांबरोबर ग्राफिक डिझाइन शिकणाऱ्या बाईपाशी तेवढा जोर शिल्लक नसतो. तिने अहवाल मिटला, पिशवीत टाकला आणि बस येईपर्यंत थांब्यावरच्या बाकावर डोळे मिटून बसली.

'आपल्याकडे तीन वर्षं डिझाइन शिकवतात आणि ते करताना तुला कसं वाटलं हे सहा वर्षं लिहायला लावतात,' असं वर्गातली पोरं म्हणत. हॉलंडमधल्या कुठल्याही कॉलेजात शिकलेल्या माणसाला हे खोटं वाटणार नाही. दर सहामाहीला तेच तीन रकाने : माझी कौशल्यं, माझ्या जमेच्या बाजू, माझ्या कमकुवत बाजू. पोरं त्यात तरबेज झाली होती. कमकुवत बाजूच्या रकान्यात 'मी जरा जास्तच काटेकोर आहे' असं लिहायचं, म्हणजे दोष सांगता सांगता आपलीच पाठ थोपटून घ्यायची. हर्मीननेही दोन वर्षं तेच लिहिलं. पण शेवटच्या वर्षाला मार्गदर्शक म्हणून मारिट आली. मारिट एकोणतीस वर्षांची, मनाने चांगली, आणि तिला खरं हवं असे.

"एक चूक, हर्मीन," ती म्हणाली होती. "कामाच्या ठिकाणी केलेली एक खरीखुरी चूक लिही. जरा उघडी हो. तुझा अहवाल म्हणजे वॉशिंग मशीनबरोबर मिळतं ना, ते माहितीपत्रक आहे."

"मशीन चालतंय ना पण?"

"बघ! पुन्हा विनोद. प्रत्येक वेळी तू विनोदामागे लपतेस."

तिसऱ्यांदा अहवाल नापास झाला की वर्ष गेलं. पोरांचं वर्ष गेलं तर पोरं पुन्हा बसतात. हर्मीनला पुन्हा बसायची सोय नव्हती. चौदा वर्षं तिने घरोघरी जाऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांना उठवलं, आंघोळ घातली, कपडे चढवले. शेवटी मणक्याने हात टेकले. नगरपालिकेने नवं काम शिकायला मुदत दिली ती जूनपर्यंत. त्यापुढे मिळेल ते काम करायचं, आणि मिळणार होतं ते गोदामातलं, आठ तास उभ्याने. डिप्लोमा हातात आला तर मात्र बेरेंड, ज्याच्याकडे ती शिकाऊ म्हणून काम करत होती, तिला ठेवून घेणार होता. तसं त्याने तोंडाने कबूल केलं होतं, आणि हॉलंडच्या पूर्वेकडल्या, आख्टरहूकच्या या खेडवळ भागात तोंडी शब्दाला अजून किंमत आहे.

बेरेंडचा छापखाना गावात चर्चच्या मागे. बेरेंड सहासष्टचा, उंच, थोडा वाकलेला. बाहेर बोलताना हातचं राखून बोलणारा, पण हर्मीनला पहिल्या आठवड्यापासून 'पोरी' म्हणायला लागला. या वयात कुणी पोरी म्हणावं म्हणून हर्मीन सकाळी जरा लवकरच जायची, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. छापखान्याचं मोठं काम दोनच, घरोघरी बातमी कळवणारी : मेलेल्यांची कार्डं आणि जन्मलेल्यांची. मेलेल्याचं कार्ड दुपारपर्यंत पोस्टात पडावं लागतं. जन्माचं मात्र दोन-तीन महिने आधी ठरतं. आईबाप येतात, दार लोटून घेतात, आवाज खाली आणतात आणि बाळाचं नाव सांगतात. ते नाव आजी-आजोबांनासुद्धा ठाऊक नसतं. बाळ जन्मलं, कार्ड दारात पडलं, की मगच कळायचं. तोवर नाव ठाऊक असतं तीन जणांना : आईला, बापाला आणि छापणाऱ्याला. या एका गोष्टीवर बेरेंडच्या दुकानाची अब्रू उभी होती.

दुकानाच्या टेबलावर नमुन्यांची जाडजूड वही असे. बाळ जन्मून कार्डं पोस्टात पडली की त्यातलं एक बेरेंड त्या वहीत, नवं पान सगळ्यात वर घालून, चिकटवायचा. तीस वर्षं स्वतःच्या हाताने. दुसऱ्या कुणी त्या वहीला गोंद लावावा असा प्रसंगच आला नव्हता.

फेब्रुवारीच्या शेवटी रेसिंकांचा धाकटा मुलगा आणि सून आले. बेरेंडने ते काम पहिल्यापासून शेवटपर्यंत हर्मीनला दिलं. तिने फिक्या हिरव्या कागदावर एकच बारीक फांदी काढली आणि खाली नाव : मीस. बाकी मोकळं. चार वेळा अक्षरं बदलली, मार्च संपता संपता पाचव्यांदा जमलं. जमलं हे तिला मारिटने सांगायच्या आधी, कुणी सांगायच्या आधी, स्वतःलाच कळलं. तीन वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं. बेरेंड जेवायला घरी गेला होता. हर्मीन इतकी हरखली की नमुन्याची प्रत घेऊन तिने वहीत, पहिल्याच पानावर, छान चिकटवून टाकली. बाळाला यायला अजून महिना होता. कार्ड झालं की ते वहीत लावायचं एवढंच तिच्या डोक्यात होतं. चौदा वर्षं लोकांच्या घरातलं पाहून न पाहिल्यासारखं केलेल्या बाईने हे करावं, म्हणजे आनंद माणसाला किती वेंधळा करतो ते बघा.

अर्ध्या तासाने रेसिंकबाई आल्या. म्हणजे मुलाची आई, होणारी आजी. आपल्या पंचाहत्तरीच्या आमंत्रणासाठी नमुना बघायला. हर्मीन कॉफी आणायला आत गेली आणि परत आली तेव्हा वही पहिल्याच पानावर उघडी होती.

हर्मीनने कॉफी टेबलावर ठेवली.

"मीस," रेसिंकबाई म्हणाल्या. "मीस म्हणजे पक्षी ना गं? बागेत शेंगदाणे खायला येतो तो?"

"रेसिंकबाई, मी... हे इथे असायला नको होतं."

"आलबर्ट नाही," बाई म्हणाल्या.

आलबर्ट म्हणजे त्यांचे गेलेले यजमान. शेवटचे सात महिने त्यांना रोज सकाळी हर्मीननेच आंघोळ घातली होती. या भागात पहिल्या नातवाला आजोबांचं नाव देतात. हर्मीनचं स्वतःचं नाव तिच्या आजीचं होतं. आलबर्ट अंथरुणाला खिळले तेव्हा धाकट्याने त्यांचा हात धरून तसा शब्द दिला होता. त्या वेळी हर्मीन खोलीत होती, टॉवेल घडी करत.

"निदान दुसरं नाव तरी?" बाईंनी विचारलं. "खाली बारीक अक्षरात वगैरे?"

"नाही हो."

बाईंनी कॉफी घेतली नाही. त्यांनी फांदीवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "कार्ड सुरेख आहे. कुणी काढलं?"

"मी."

"हं. आता ऐक, हर्मीन. मी काही पाहिलेलं नाही. तूही मला पाहिलेलं नाहीस. पोराला कळलं की मला आधीच कळलं, तर तो माझ्या तोंडाकडे बघेल आणि त्याला समजेल मला काय वाटलं ते. सून मनाला लावून घेईल. महिनाभर आहे ना माझ्या हातात? तेवढ्यात मी आनंदी व्हायला शिकून घेते. तू आमच्या घरातलं कधी बाहेर नेलं नाहीस. हेही नेऊ नकोस. बेरेंडलासुद्धा नाही, त्याच्या पोटात राहील पण तोंडावर दिसेल."

"नाही नेणार."

तेवढ्यात टेलिफोन वाजला, मग एक गिऱ्हाईक आलं, मग मशीनमध्ये कागद अडकला. दीड तासाने हर्मीन वहीपाशी पोचली तेव्हा कार्ड तिथे नव्हतं. बाईंनीच पर्समध्ये घालून नेलं, असं तिने धरलं. बरं झालं, असंही वाटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि इकडे मारिटला एक खरीखुरी चूक हवी होती. चूक होती की! तिन्ही रकाने पुरून उरेल अशी होती. पण ती लिहायची तर अहवालावर बेरेंडची सही लागणार, आणि तो वाचल्याशिवाय सही करणाऱ्यांतला नव्हता. कुणी पाहिलं, काय म्हणालं, मग तू काय केलंस, हे सगळं विचारणारे प्रश्न त्या छापील कागदावर ओळीने होते. तीन रात्री हर्मीन त्या कागदासमोर बसली. शेवटी तिने लिहिलं की तिला रंगांच्या बाबतीत पटकन निर्णय घेता येत नाही. वाचून तिला स्वतःचीच कीव आली. पण थकलेल्या माणसाला खोटंसुद्धा नीट रचता येत नाही, त्याला काय करणार.

एप्रिलच्या शेवटी मीस जन्मला. धाकटा रेसिंक दुकानात मुलगा झाला की वाटतात ती बडीशेपेच्या निळ्या-पांढऱ्या गोळ्या लावलेली बिस्किटं घेऊन आला. "आईला तर इतका आनंद झाला!" तो म्हणाला. "म्हणे, असं नाव मला सुचलंच नसतं." हर्मीनने बिस्किट खाल्लं.

अंतिम बैठकीला मारिट स्वतः छापखान्यात आली. आतल्या खोलीत, कागद कापायच्या यंत्राशेजारी तिघं बसली. मारिटने अहवाल समोर ठेवला आणि त्यावर हात ठेवला.

"रंगांच्या बाबतीत पटकन निर्णय घेता येत नाही," तिने वाचलं. "हर्मीन, मला तुला पास करायचंय गं. पण मी काय धरून करू? हे कुणीही लिहील. कोर्टात उभी असल्यासारखी का वागतेस? एक चूक सांग. आत्ता, तोंडाने सांगितलीस तरी चालेल."

गोदामातल्या सिमेंटच्या थंडगार फरशीचा वास हर्मीनच्या नाकात आला. "नाही सांगता येत," ती म्हणाली.

"चुका? हिच्या?" बेरेंड मध्ये पडला. तिला वाचवावं एवढाच त्याचा हेतू होता. "मॅडम, चुका करायला इथे मी बसलोय ना. ही पोर तर माझ्या मागून सावरत असते. आता तुम्हाला सांगायला हरकत नाही. रेसिंकांचं कार्ड, बाळ जन्मायच्या महिनाभर आधी, मी बाहेरच्या वहीत चिकटवून ठेवलं होतं. पहिल्या पानावर! जेवून आलो, सहज पान उलटलं, तर समोर नाव. मी मुकाट्याने काढलं आणि खिशात घातलं. आणि गंमत म्हणजे, लावल्याचं मला काही म्हणजे काही आठवत नाही."

तो हसला. बाकी कुणी हसलं नाही.

"माझ्या वडिलांचं विसरणं असंच सुरू झालं होतं," बेरेंड म्हणाला. "आधी एक कार्ड. मग दुकानाची किल्ली. मग माझं नाव. मंगळवारी दवाखान्यात बोलावलंय, डोक्याचा फोटो काढायला. बायकोला अजून बोललो नाही."

महिनाभर हा माणूस मागचं दार दोनदा ओढून बघत होता, 'मी आत्ता हे विचारलं का तुला?' असं दिवसातून चारदा म्हणत होता, आणि हर्मीन समजत होती की वय झालं. तिच्या एका गप्प बसण्याखाली हा रोज थोडा थोडा मरत होता. तिला लाज वाटली, अशी की चौदा वर्षांत कधी वाटली नव्हती.

"ते मी लावलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"कार्ड. तुम्ही जेवायला गेला होतात तेव्हा. तुम्ही नाही लावलं, बेरेंड. तुम्हाला आठवत नाही कारण तुम्ही लावलंच नाही. मी लावलं."

बेरेंडने चष्मा काढला. दोन्ही तळहातांनी तोंड पुसलं आणि तसाच बसून राहिला. मग त्याचे खांदे हलले. तो हसतोय की रडतोय ते मारिटला कळेना, म्हणून ती पटकन आपल्या टिपणांच्या वहीत बघायला लागली.

"कुणी पाहिलं तर नव्हतं ना?" त्याने हातांमागून विचारलं.

"नाही," हर्मीन म्हणाली. "कुणी आलंच नव्हतं."

"हेच!" मारिट म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "हेच मी वर्षभर मागतेय, हर्मीन. बघ, किती सोपं होतं. आता फक्त एक सांग. इतके दिवस का नाही बोललीस?"

हर्मीनने तोंड उघडलं. खरं उत्तर दोन घरं टाकून पलीकडे राहत होतं, आणि आत्ता नातवाला मांडीवर घेऊन मीस, मीस म्हणत बसलं असेल. ते देता येत नव्हतं. दुसरं उत्तर शोधायला लागणारं बळ तिच्यात उरलं नव्हतं, म्हणून जे सगळ्यांना पटेल ते तिने दिलं.

"भीती वाटली," ती म्हणाली. "बेरेंड काय म्हणतील याची."

मारिट लिहायला लागली. कमकुवत बाजू : चूक कबूल करायला घाबरते. जमेची बाजू : शेवटी प्रामाणिकपणा दाखवते. पास. तिची पेन्सिल भराभर चालत होती.

बेरेंडने चष्मा पुन्हा चढवला आणि हर्मीनकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर तिला सोसला असता.

"माझी भीती?" तो म्हणाला. "माझी, हर्मीन?"

मारिटने अहवाल त्याच्यापुढे सरकवला आणि सही कुठे करायची ते दाखवलं.