सिद्रामप्पांचं युरोचं कार्ड

पालमच्या बाजारात सिद्रामप्पांचं डाळींचं दुकान आहे. उन्हातून आलेल्या कुणालाही ते बोलावून चहा पाजतात. पण मधल्या माणसाला फुकटची दलाली द्यायची म्हटलं की कडू काढा प्यायल्यासारखं तोंड करतात.

त्यांची लेक स्वप्ना लग्नानंतर जर्मनीला गेली. चार वर्षांनी तिनं अप्पांना महिनाभर बोलावलं. त्यांच्या बायकोचे, गौराबाईंचे, गुडघे तेवढा वेळ विमानात बसायला राजी नव्हते, म्हणून सिद्रामप्पांनी एकट्यानंच जायचं ठरलं. तिकीट त्यांनी आपल्या पैशानं काढलं. नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचा पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, हा रिवाज त्यांच्या आजोबांपासून चालत आला होता. स्वप्नाला अजून मूल नव्हतं. तेव्हा महिनाभराचं खाणंपिणं विकत घ्यायचं, आणि त्यासाठी शिल्लक बेताची होती.

बँकेत प्रियांका नावाची हुशार मुलगी बसते. तिनं त्यांचं कार्ड हातात घेऊन सांगितलं, "काका, हे तिकडं चालवलं तर दर शंभराला साडेतीन रुपये जास्तीचे जातील, वर त्या साडेतीनावर कर. मशीनमधून रोख काढली तर आणखी वेगळे."

"दर खेपेला?"

"दर खेपेला. त्यापेक्षा प्रवासाचं कार्ड घ्या, त्यात इथंच युरो भरा. फी काय ती एकदा लागंल. अन् तिकडच्या दुकानात मशीन विचारतं, युरोत घेऊ का रुपयांत. तुमी युरोच म्हणा. रुपये बघून आपल्याला गावचं माणूस भेटल्यावानी वाटतं, पण त्यांचा दर महाग असतो."

एकदा दिलेली फी सिद्रामप्पांना मान्य होती. गौराबाई मात्र पिशवीत पीठ भरताना म्हणाल्या, "लेकीला भेटाया चाललाव का तिथं दुकान टाकाया?"

जर्मनीत पोचल्यावर पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. सिद्रामप्पांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून पाण्याच्या सहा बाटल्या आणल्या, आणि सहाही सोड्याच्या निघाल्या. टाकून देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. तीन दिवस ते सोडा पीत आणि ढेकर देत राहिले. सोबत आणलेल्या पिठाच्या भाकरी त्याच सोड्यात मळून स्वतः थापत राहिले. स्वप्ना चहाचा कप समोर ठेवी, तो गार होई.

चौथ्या दिवशी दोघं मिळून दुकानात गेली. सिद्रामप्पांनी तांदूळ, बटाटे, दूध घेतलं आणि कार्ड लावलं. यंत्रावर दोन ओळी उमटल्या. ते चष्मा सावरेपर्यंत गल्ल्यावरच्या बाईनं मदत म्हणून स्वतःच बोट पुढं केलं आणि रुपयांवर टेकवलं.

"ओ बाई, थांबा! युरो, युरो!" सिद्रामप्पा ओरडले. मागं रांग ताटकळली. स्वप्नाचे कान लाल झाले, तरी तिनं त्या बाईला समजावून व्यवहार रद्द करून घेतला. दुसऱ्या खेपेला अप्पांनी स्वतः युरोची ओळ दाबली.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "अप्पा, चार पैशांसाठी लोकांत असं करत्यात का?"

"चार पैसे न्हाईत, स्वप्ने. हितं चार, तिथं चार गेले तर शेवटच्या आठवड्याला कार्ड रिकामं होईल. मग तुझ्या घरचं खावं लागंल."

स्वप्ना रस्त्यातच उभी राहिली. "म्हंजे हे समदं त्याच्यासाठी? मला मूल न्हाई, म्हणून माझ्या घराला तुमी घरच म्हणत न्हाई का?"

भाव करताना कधी न अडखळलेला माणूस पिशवी या हातातून त्या हातात घेत राहिला. दुकानात बसून रिवाज सोपा वाटत होता. समोर लेकीचे डोळे भरलेले असताना तो लय जड झाला.

"बापानं केलं तसं करायलोय मी," ते हळूच म्हणाले. "तुला लागावं म्हणून न्हाई गं."

तिनं नाक पुसलं. बाप दुकानदार होता, तशी तीही दुकानदाराचीच लेक होती. "द्या ते कार्ड. चला परत आत. महिन्याचा किराणा एकदाच भरू. पीठ, मीठ, चहा, साखर, तेल, समदं तुमच्या पैशानं. मग मी अन् तुमचे जावई तुमच्याच घरचं जेवू."

सिद्रामप्पांनी मनाशी तोलून पाहिलं. कुठं खोट दिसेना. "अन् पाणी?"

"पाणी भाड्यात धरलेलं हाय. बिल घरमालक भरतो. तो काय तुमचा जावई हाय?"

"न्हाई बा," सिद्रामप्पा गंभीरपणे म्हणाले, आणि मग त्यांनाच हसू फुटलं.

किराणा भरून घरी आल्यावर स्वप्नानं नळाखाली मोठा पेला धरला. ते साधं, बिनसोड्याचं पाणी सिद्रामप्पांनी उभ्यानंच घटाघटा संपवलं आणि तोंड पुसून पेला पुन्हा तिच्यापुढं केला.

"आता चहा टाक," ते म्हणाले. "दोन कप."