सईची उडी आणि चौथं कॉलेज

लंडनजवळच्या स्लाऊहून सकाळी निघालो तेव्हा माझ्या पिशवीत धपाटी होती आणि सईच्या पिशवीत स्पाइक्स (खिळ्यांचे बूट). सई माझी मुलगी, वय सोळा, लांब उडी मारते. खेळाडूंना घडवण्याचा दावा करणारी तीन कॉलेजं आम्ही आधीच पालथी घातली होती. तिन्हीकडच्या कोचनी तिची उडी बघून 'ब्रिलियंट!' म्हटलं आणि आठवड्याभरात गोडसा नकार पाठवला. इथे राहून माझे केस पिकत आले, पण 'ब्रिलियंट' म्हणजे नेमकं काय, हे कळलेलं नाही. सईही इथलीच. धपाटं कसं झालंय विचारलं की 'लव्हली' म्हणते आणि अर्धं टाकून देते.

"हे लास्ट कॉलेज. इथेही नाही झाला तर मी जंपिंग सोडणार," तिनं सांगून टाकलं होतं.

केंब्रिजला गाडी बदलली. विद्वान मंडळी उतरून गेली आणि आम्ही सपाट शेतांमधून समुद्राकडे निघालो.

"आई, तिथे तू क्वेश्चन्स नको विचारू. प्लीज."

"मी कशाला विचारतेय?" असं म्हणून मी खिडकीकडे तोंड केलं आणि प्रश्न मनात घोळवू लागले.

गावात वारा असा की माणूस आपोआप तिरपा चालतो. स्टेशनबाहेर डबा उघडला, तोच एका सीगलनं (कावळ्याचा इथला थोराड, गोरा भाऊ) अख्खं धपाटं पळवलं. निदान त्याला तरी ते मनापासून आवडलं.

माहितीपत्रकातलं 'हाय परफॉर्मन्स सेंटर' म्हणजे गालिच्यांचं जुनं दुकान निघालं. दारावर 'सेल' अजून अंधूक दिसत होतं. आत दोन ट्रेडमिल होती. एकावर 'बंद आहे, क्षमस्व' अशी पाटी आणि दुसऱ्यावर कुणाचा तरी ओला कोट. आपल्याकडे मुलगी बघायला जातात तसाच हा कार्यक्रम, फक्त कोण कोणाला बघतंय ते कळत नाही. चहा-बिस्किटं मात्र आली.

कोचचं नाव जॅनेट. ती क्रिस्प्स (बटाट्याचे वेफर्स) खात आली.

"इथून किती मुलं पुढे फिजिओथेरपी शिकायला जातात?" मी विचारलंच.

"आई!"

"ठाऊक नाही," जॅनेट म्हणाली. "मी उड्या शिकवते. चल, दाखव."

मागच्या मैदानात तिनं ताडपत्री ओढली. खाली वाळूचा खड्डा होता. सई धावली, उडाली, पडली. मी सवयीनं टाळ्या वाजवल्या.

"वाईट," जॅनेट म्हणाली.

माझं डोकं सणकलं. पोटच्या पोरीला, तेही तोंडात वेफर असताना! मी पिशवी उचलली. "चल गं सई, निघू आपण."

"पळतेस छान," जॅनेट माझ्याकडे न बघता सांगत होती. "पण उडी घ्यायची फळी जवळ आली की घाबरतेस आणि पावलं आखडतेस. म्हणून उडी मरते. परत."

"आई, थांब ना," सई म्हणाली. "त्या तिघांनी मला रीझनच दिली नव्हती."

ती परत धावली. "वाईट." परत. "कमी वाईट." प्रत्येक वेळी सई वाळू झटकत हसत उठत होती, आणि मी पिशवी धरून वाऱ्यात कुडकुडत होते. आमची ट्रेन कधीच गेली होती. शेवटी जॅनेटनं क्रिस्प्सची पिशवी चुरगळून खिशात कोंबली. "सप्टेंबरमध्ये ये. काम भरपूर आहे," एवढंच ती म्हणाली.

परतीच्या गाडीत मी तावातावानं गालिच्याच्या दुकानाची, ट्रेडमिलची, वाऱ्याची उजळणी केली. सई बुटातली वाळू काढत बसली होती. दमून मी डबा पुढे केला. तिनं एक घास खाल्ला आणि चावता चावता थांबली.

"आई, खरं सांगू? धपाटा खारट झालाय. सप्टेंबरमध्ये हॉस्टेलवर पाठवशील ना, तेव्हा मीठ कमी घाल."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिनं 'लव्हली' म्हटलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. तिच्या हातातलं धपाटं घेऊन मी एक घास खाल्ला. चांगलंच खारट होतं.