फक्त सुनंदाच्या मेलमध्ये

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांना नाही, बहिणीला नाही, आणि गणपतीसमोर हात जोडून उभी राहते तेव्हाही — खोटं कशाला बोलू — एवढा विषय गुपचूप वगळून मी पुढे सरकते. बाकी सगळं त्याच्या कानावर घालते. हे नाही. आता तुम्हाला सांगायला बसले आहे, तर मघापासून चहा झाला, कपाट आवरून झालं, कुंड्यांना पाणी घालून झालं. म्हणजे बघा, किती टाळाटाळ चालली आहे माझी.

तुम्ही मला ओळखता. दर शुक्रवारी सकाळी तुमच्या मेलमध्ये येते ती मी, चारू, परळची. दिवसभर विम्याच्या ऑफिसात लोकांचे क्लेम तपासायचे आणि उरलेल्या वेळात कोण कुठे गातंय, कोण कुठे नाचतंय, कुठल्या चाळीत कसला कार्यक्रम आहे, हे गोळा करून तुम्हाला पाठवायचं. सुरुवातीला तुम्ही यादीतल्या नावांपुढे खूण करून तुमची आवड सांगता — हे गायक, ही नाटक मंडळी, हा भाग — आणि मग तुम्हाला तेवढंच येतं. नायगावच्या एक ताई आहेत, त्यांनी कळवलंय, नाटक कुठलंही चालेल पण शेवटी कुणी मरायला नको. त्यांना तशीच पाठवते. गिरगावचे एक आजोबा आहेत, त्यांनी यच्चयावत सगळ्या खुणा केल्या आणि वर तक्रार केली की मेल फार लांब येतो! आता काय बोलणार?

पण यातली एक गोष्ट तुमच्या कधी लक्षात आली आहे का? तुमचा मेल फक्त तुम्हीच बघता. शेजारणीला काय आलं, तुम्हाला ठाऊक नसतं. तिला काय आलं नाही, तेही नसतं. सगळ्यांना काय जातं हे ठाऊक असणारी बाई एकच. मी.

आता सुनंदाकडे यायला हवं. यायलाच हवं ना?

सुनंदा माझी करी रोडच्या चाळीतली मैत्रीण. आमची दारं समोरासमोर होती, आणि तिच्या घरच्या कालवणाचा वास आमच्याकडे आला की मी वाटी घेऊन हजर. आता ती हिंदमाताला साडीच्या दुकानात काउंटरवर असते. नुसती असते काय, दुकान तिच्यावरच चालतं! गिऱ्हाईक रुमाल घ्यायला आलं तरी दोन साड्या घेऊन जातं. आणि ती गाते. गायची. डबलबारीतली बुवा होती ती.

डबलबारी कोकणातल्या माणसाला सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. दोन भजनी बुवा आमनेसामने बसतात. पेटी, पखवाज, झांज, मागे कोरस. आधी देवाचं सगळं रीतसर होतं आणि मग गजरात एकमेकांची जी खेचाखेच सुरू होते, ती बघायला लोक पहाटेपर्यंत हलत नाहीत. समोरच्याची पेटी, पोट, टक्कल, बायको — काही सोडत नाहीत. आणि संपलं की दोघं बुवा एकाच टेबलावर भजी खातात. बारीत बोललेलं बारीतच राहतं. मनाला लावून घ्यायचं नाही. हे आम्हाला लहानपणापासून माहीत असतं, कुणी शिकवावं लागत नाही.

मी तिच्या कोरसमध्ये होते. मग सोडलं. ऑफिसमुळे वेळ मिळत नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं असं होतं की मला सूर लागत नव्हता आणि सुनंदानेच एक दिवस मला बाजूला घेऊन, अगदी जपून, थांब म्हणून सांगितलं होतं. माझं कारण मात्र तिने कधी खोटं पाडलं नाही. कुणी विचारलं की म्हणायची, चारूला ऑफिस असतं हो.

मग मी हा मेल सुरू केला. तुम्ही लोक येत गेलात, आणि मला वाटायला लागलं की मीही कुणीतरी आहे. बुवा मंडळी मला फोन करायची. ताई, आमची बारी टाका हां. ताई, फोटो पाठवलाय. मी आपली ऐटीत. बघते म्हणायची. काय बघायचं होतं त्यात, टाकायचंच तर होतं!

माघी गणपतीत करी रोडला बारी होती. सुनंदासमोर नायगावचे एक बुवा. गजर रंगला तसा त्यांनी तिला टोमणा मारला — तुझं नाव होतंय ते गाण्यामुळे नाही, तुझी मैत्रीण मेलमध्ये तुला वर टाकते म्हणून. लोक हसले. आता बारीत असा वार आला की परतवायलाच लागतो, नाहीतर हार. सुनंदाने पेटीवर हात ठेवला, माझ्याकडे बघून हसली, आणि तिथल्या तिथे चाल लावून गायली — माझी मैत्रीण होती कोरसला, सूर काही लागेना, म्हणून म्हटलं बाई गं, तू बाहेरच बस, आणि कोण कुठे गातंय तेवढं लोकांना सांग.

मैदान डोक्यावर घेतलं लोकांनी. शिट्ट्या काय, टाळ्या काय! नायगावचे बुवासुद्धा पोट धरून हसत होते. आणि सगळ्यांत मोठ्याने कोण हसलं असेल? मी. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं असं मी दाखवलं. पाणी खरंच आलं होतं.

तिच्या मनात काही नव्हतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. भजी खाताना तिने स्वतःच्या हाताने माझ्या तोंडात भजं घातलं. मी खाल्लं. आणि मनात धरलं.

पुढे तिने स्वतःचा कार्यक्रम ठरवला. समोर दुसरा बुवा नाही, टोमणे नाहीत, फक्त सुनंदा आणि तिच्या जुन्या चालीतली भजनं. दादरला एक लहानसा हॉल घेतला. दुकानात जेवायच्या सुट्टीत मला बोलावून तिने सांगितलं, "चारू, हा हॉल भरला ना, तर दुकान सोडणार. गाणंच करणार. नाही भरला तर समजेन आपली हौस होती, झाली." आणि पुढे म्हणाली, "व्हॉट्सअ‍ॅपवर काय टाकायचं, गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडलं जातं. लोक तुझा मेल बघतात. तुझ्यावरच आहे गो सगळा."

माझ्यावरच होतं. ते तिला माहीत होतं आणि मलाही.

रागाच्या भरात झालं, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण राग कसला? गुरुवारची संध्याकाळ होती, मी आरामात खुर्चीत पाय वर घेऊन बसले होते, समोर चहा आणि खारी. तुमच्यापैकी ज्यांनी ज्यांनी सुनंदाच्या नावापुढे खूण केली होती, त्या सगळ्यांच्या मेलमधून मी तिचा कार्यक्रम काढला. त्याला काही लागत नाही हो. एक टिचकी. खारी खाता खाता होतं. आणि मग थांबले. कारण सुनंदालाही मेल जातो. तिने आवड म्हणून स्वतःचं नाव टाकलंय, आणि त्या नायगावच्या बुवांचं, बघा म्हणजे!

मग मी तिच्या एकटीसाठी वेगळा मेल केला. तिचा कार्यक्रम सगळ्यांत वर. फोटो मोठा. खाली दोन ओळी अशा गोड लिहिल्या की वाचून मलाच भरून आलं. तुम्हाला लिहिताना मी एवढी मेहनत कधी घेतलेली नाही.

शुक्रवारी सकाळी तिचा फोन आला. इतकी खूश, की मला बोलूच देईना. सगळ्या दुकानाला फोन दाखवला म्हणे.

कार्यक्रमाआधी आणखी एक शुक्रवार होता. म्हणजे चूक सुधारायला अख्खा आठवडा होता माझ्याकडे. त्या आठवड्यात मी काय केलं? दुसऱ्या शुक्रवारचा मेलही तसाच पाठवला. फक्त तिच्या मेलमध्ये फोटो बदलला, तोच तोच नको म्हणून.

हॉलमध्ये तिच्या घरचे होते, दुकानातल्या दोन मुली होत्या, चाळीतले थोडेफार, आणि मी. पुढच्याच रांगेत बसले. पडदा उघडला तेव्हा तिची नजर पार शेवटच्या रांगेपर्यंत गेली आणि परत आली. मग ती गायला लागली. काय गायली हो! तिथे कुणी नाही म्हणून तिने एक तान कमी घेतली नाही, एक अभंग गाळला नाही. पखवाजवाल्याचा चेहरा पडला होता, तर त्यालाच मधूनमधून खुणेने हसवत होती. मी टाळ्या वाजवत होते. सगळ्यांत मोठ्याने, अर्थातच. मला ते जमतं.

मध्यंतरात चाळीतल्या एक काकू म्हणाल्या, माझ्या मेलमध्ये नव्हतं गं हे. मी म्हटलं, स्पॅममध्ये गेलं असेल काकू, बघा तिथे. इतक्या सहज म्हटलं की काकूंनी लगेच पर्समधून चष्मा काढून फोनमध्ये शोधायला घेतलं.

नंतर बाहेर चहाच्या टपरीवर सुनंदाने माझा हात हातात घेतला. मला वाटलं, कळलं. पण ती म्हणाली, "तू तरी मनापासून केलंस गं. पहिल्या नंबरावर टाकलंस. लोकांनी वाचलं आणि आले नाहीत, म्हणजे नकोय लोकांना. तू काय करतलंस?" आणि माझ्या ग्लासातला अर्धा चहा स्वतःच्या ग्लासात ओतून घेऊन हसली.

मी तेव्हा बोलायला हवं होतं की नाही? तोंड उघडलं होतं मी. आणि म्हटलं काय — साखर जास्त झालीय ना गं?

तिने बाऱ्या घेणंही सोडलं. पेटी भाच्याकडे दिली. सुनंदा रडत बसणारी बाई नाही, हे मात्र सांगते. दुकानात गिऱ्हाइकाच्या खांद्यावर पदर टाकताना गुणगुणते, तेवढ्याने साडी खपते. आम्ही अजून रविवारी भेटतो, मच्छी आणायला बरोबर जातो, कोळणीशी ती भांडते आणि पिशवी मी धरते. मजेत असतो आम्ही. ही मजा मी कुठून चोरली आहे, हे मला पापलेट निवडताना आठवतं आणि मी भलतंच पापलेट उचलते. शिव्या खाते मग तिच्या.

आणि तुम्ही? तुम्ही मला लिहीत राहिलात. विरारला राहायला गेलेले एक काका दर थोड्या महिन्यांनी विचारतात, सुनंदाबाईंचं काही आहे का, मी खूण करून ठेवली आहे, कधी येतच नाही. भायखळ्याची एक मुलगी विचारते, आजीने त्यांना लालबागला ऐकलं होतं, परत कधी? नवीन लोक नाव नोंदवतात आणि अजूनही तिच्या नावापुढे खूण करतात. ते नाव मी काढलेलं नाही, का ते विचारू नका. प्रत्येकाला मी उत्तर दिलं आहे, नम्रपणे — त्या आता गात नाहीत. खरं आहे की नाही ते? एक अक्षर खोटं नाही त्यात. आणि यातलं एकही पत्र मी तिला दाखवलेलं नाही. दाखवलं असतं तर तिने विचारलं असतं, मग त्या दिवशी ही माणसं होती कुठे?

तिला एकटीला गाठून सांगावं असं खूपदा ठरवलं. पण मला ती माहीत आहे. ती म्हणणार, जाऊ दे गं, सोड, चल जेवायला. आणि माझं पोट भरणार. पण मी नुसती तिची समजूत काढतेय असंच तिला वाटणार, आणि तिच्या डोक्यात तुम्ही न आलेले तसेच राहणार. इतकी वर्षं ती समजते आहे की तुम्ही बातमी वाचलीत, तिचा फोटो बघितलात, आणि घरी बसलात. तुमच्यावरही हा आळ मीच घातला आहे.

तर ऐका. त्या दिवशी हॉल रिकामा होता, कारण तुम्हाला कळलंच नव्हतं. तुम्हाला कळलं नव्हतं, कारण मी कळवलं नाही. टोमण्यात तिने माझ्याविषयी जे म्हटलं ते खरं होतं आणि मला तेच झोंबलं. ती चांगली गात होती, तिची माणसं होती, ती वाट बघत होती आणि तुम्हीही. मध्ये मी बसले होते.

मी इथे माफी मागत नाही. तिला सगळ्यांदेखत ‘जाऊ दे’ म्हणायला लावायचं, तेवढं तरी मला करायचं नाही.

या शुक्रवारी कार्यक्रम नाहीत. कुणाची आवड मी बघितलेली नाही, कुणाचा भाग बघितलेला नाही, कुणाच्या मेलमधून काही काढलेलं नाही. सगळ्यांना एकच मेल गेला आहे. तुम्ही आत्ता जे वाचताय ते, दुकान उघडायच्या आधी पायरीवर बसून, सुनंदाही वाचते आहे.